टायरच्या खोलीतली प्रार्थना

माझ्या थोरल्या बहिणीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर नव्हता. चर्चच्या किल्ल्यांचा जुडगा ती उशाखाली घेऊन झोपायची आणि पहाटे कूस बदलली की तो टोचायचा. तेवढं पुरायचं. उठली की आधी मागचं दार, मग घंटेच्या खोलीचं, मग समोरचं मोठं. हवा खेळली की झाडू, झाडू झाला की फडकं. बाकांच्या पाठी कोरड्या फडक्याने, बसायच्या फळ्या ओल्याने. फळ्या वाळेपर्यंत आत कुणाला सोडायची नाही. उपासना चालवणारे पाळकसुद्धा तोवर पायरीवर उभे राहत.

गावात तिला किल्लीबाई म्हणत. मी ताई म्हणतो. ती मला धाकट्या म्हणते, आणि धाकटा आता सत्तरीला आला.

मी नगरपालिकेच्या गटार खात्यात होतो. पाइप टाकणं, तुंबलेलं मोकळं करणं, झाकणं बसवणं. सगळी नोकरी जमिनीखाली गेली म्हणा. त्यामुळे कष्टाची पारख मला आहे. पाट्या टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ताईच्या हाताखालून गेलेल्या फरशीवर मात्र मला कधी बोट ठेवायला जागा सापडली नाही, आणि मी शोधली नाही असं नाही.

भावजी लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. चर्चने तिला झाडलोटीचं काम दिलं आणि मागच्या अंगणातली एक खोली दिली. अट साधी होती: काम आहे तोवर खोली. हात थकले की किल्ल्या ठेवायच्या आणि निघायचं. कुठे, ते कुणी विचारलं नव्हतं. म्हणून ताई पहिल्या पगारापासून स्वतःच्या एका खोलीसाठी पैसे बाजूला टाकत होती. मी माझ्याकडे ये म्हटलं की म्हणायची, तुझ्या बायकोचं आणि माझं पुसण्यावरून एका दिवसात वाजेल. खरं होतं. आमच्या हिचं पुसणं वरवरचं.

आम्हा बहीणभावांचं वाजायचं ते कराच्या गोष्टीवरून. देवाच्या नावाने उभ्या असलेल्या सगळ्या इमारतींना आमच्या गावात घरपट्टी माफ. मी म्हणायचो, तुमचं सांडपाणी माझ्याच पाइपातून जातं ना? वरून येणारं पाणी देवाकडचं की शेजारच्या दुकानातलं, हे पाइपाला कळत नाही. दुकानदार पट्टी भरतो, मी भरतो, माझ्या दीड खोलीचीसुद्धा भरतो. चर्चने का भरू नये?

ती म्हणायची, नदी चढली तेव्हा खालच्या वस्तीतली माणसं कुणाच्या हॉलमध्ये झोपली? मी म्हणायचो, पाणी ओसरल्यावर त्यांच्या घरातला गाळ कुणी काढला? पगार घेऊन काढलात, ती म्हणायची. मग तू काय फुकट पुसतेस, मी म्हणायचो. असं ते पिंग-पाँग चालायचं आणि चहा गार व्हायचा.

एकदाच तिने मला गप्प केलं. मी म्हणालो होतो, बेवारस माणूस मेला तर खड्डा खणायलाही नगरपालिकेचाच माणूस लागतो.

"खणता," ती म्हणाली. "बाजूला उभं कोण राहतं?"

मी अशा दफनांना कामावर म्हणून गेलेलो आहे. आम्ही फावडेवाले, पाळक, आणि ताई. ज्याचं नावही ठाऊक नाही अशा माणसासाठी ती किल्ल्या मुठीत घट्ट धरून उभी राहायची, म्हणजे वाजू नयेत. माती सपाट होईपर्यंत हलायची नाही. मग परत जाऊन राहिलेली फरशी पुसायची.

आता त्या खोलीकडे येतो.

चर्चच्या रस्त्याकडच्या अंगाला एक लांबट खोली होती. पूर्वी तिथे मुलांचे रविवारचे वर्ग भरत. मुलं कमी झाली, वर्ग बंद पडले, खोलीत मोडक्या खुर्च्या साचल्या. मग एका टायरवाल्याने ती भाड्याने मागितली. दार रस्त्यावरच उघडत होतं, धंद्याला सोयीचं. तो टायर आत रचायचा आणि दारात बसून पंक्चर काढायचा. भला माणूस. चर्चच्या मंडळीतला नव्हता, कुठल्याच मंडळीतला नव्हता. रविवारी घंटा वाजली की हातोडी खाली ठेवायचा, एवढी त्याची भक्ती.

कर खात्याच्या कागदावर मात्र ती खोली चर्चच होती. भाडं सुरू झाल्याचं कुणी कळवलं नाही. कुणी मुद्दाम लपवलं असंही मी म्हणणार नाही. कळवायचं राहिलं, आणि राहिलेलं सोयीचं होतं म्हणून राहूनच गेलं.

समोरच्या फुटपाथवर दुसरा टायरवाला होता. त्याच्या गाळ्याला पट्टी होती, म्हणून त्याचं भाडं जास्त, म्हणून त्याचा टायर महाग. त्याने किती वर्षं दात ओठ खाल्ले कोण जाणे. शेवटी त्याने तक्रार केली. मला विचाराल तर त्याचं काही चुकलं नाही. कर खात्याचे निरीक्षक येऊन जागा बघणार असा निरोप चर्चला आला.

चर्चचे खजिनदार म्हणजे गावातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, चष्मेवाले. नीटनेटके गृहस्थ, दानपेटीतल्या पैशाला स्वतःच्या पैशापेक्षा जास्त जपणारे. निरोप आला त्याच दिवशी त्यांनी टायर बाहेर काढायला लावले. अंगणात ताडपत्रीखाली त्यांचा ढीग झाला. खोलीत हॉलमधले चार बाक आणले, भिंतीवर क्रूस लावला, खाली लांब चटई टाकली. मग ताईला बोलावलं.

ताईने मला हे सगळं नंतर सांगितलं, आणि ती सांगते तेव्हा पदरचं घालत नाही. खजिनदार म्हणाले, बाई, साहेब विचारतील, तुम्ही रोज इथे असता म्हणून तुम्हालाच विचारतील. इथे प्रार्थना होते असं सांगायचं.

ताईने विचारलं, होते का?

ते म्हणाले, होते म्हणायचं. मग तिचा चेहरा बघून त्यांनी समजावलं. चर्चचं छप्पर गळतं, दफनांचा खर्च, हॉलची वीज, दानपेटीत जे पडतं त्यात यातलं काही भागत नाही. आणि एक गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली.

"बाई, तुमचा पगार टायरांतून होतो. त्या खोलीचं भाडं आहे म्हणून तुम्ही आहात."

हे तिला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की लोक बाकावर बसतात, दानपेटीत टाकतात, आणि बाक पुसल्याचे पैसे त्यातून तिला मिळतात. सरळ हिशेब. आता कळलं की ती पुसत होती बाक आणि पैसे येत होते रबराचे. खोटं बोललं नाही तर पगार जाणार, पगार गेला तर खोली जाणार, आणि स्वतःच्या खोलीसाठी साठवलेलं अजून अर्ध्यावरही आलं नव्हतं.

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्च पुसून झालं, फळ्या वाळायला सोडल्या, आणि ती त्या खोलीत जाऊन बाकावर बसली. डोळे मिटून प्रार्थना केली. तिसऱ्या दिवशीही केली.

मला कळलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, ताई, हे काय नाटक?

"सांगायचं असेल तर व्हायला नको?" ती म्हणाली. "होईल तेव्हा सांगता येईल."

यात तिला काही वावगं दिसत नव्हतं. एखादा माणूस खोटं बोलला असता, एखाद्याने काम सोडलं असतं. तिला कामाचीच वाट ठाऊक. बोलणं खरं व्हायला काही करावं लागत असेल तर ती ते करणार, पहाटे उठून करणार.

एकटी मात्र ती फार दिवस राहिली नाही. टायरवाल्याचा सगळा माल अंगणात उघड्यावर पडलेला. त्या खोलीच्या खिडकीतून ताडपत्री नीट दिसते, म्हणून तो राखणीला तिथेच मागच्या बाकावर येऊन बसू लागला. ताईने त्याला सांगितलं, बसायचं तर गप्प बसायचं आणि चपला बाहेर. तो बसला. एक डोळा टायरांवर, एक मिटलेला. दोन-तीन दिवसांनी म्हणे दोन्ही मिटायला लागले. मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, काका, आयुष्यात पहिल्यांदा सकाळी कुणी हॉर्न न वाजवता बसलोय.

खोलीचं एकच दुखणं होतं. टायर वर्षानुवर्षं एकाच जागी रचलेले, त्यांची काळी गोल वळी फरशीत मुरलेली. ताईने सोडा टाकून घासलं, राखेने घासलं, वीट घेऊन घासलं. वास गेला, वळी गेली नाहीत. म्हणून तर खजिनदारांनी चटई टाकली होती.

निरीक्षक आले त्या सकाळी मी तिथेच होतो. खिडकीखालच्या नाल्याचं तोंड खचलं होतं, ताईने हाक मारली म्हणून हत्यारं घेऊन गेलो होतो. निवृत्तीनंतर चर्चचं एवढं काम मी करायचो, फुकट, आणि तिला ते दर वेळी ऐकवायचो. मी बाहेर उकिडवा बसलेलो, माझं डोकं खिडकीच्या कठड्याइतकं. आतलं सगळं दिसत होतं.

निरीक्षक तरुणच होते, थकलेले. चांगले बोलत होते. खजिनदारांनी बाक दाखवले, क्रूस दाखवला. म्हणाले, ही आमची छोटी प्रार्थनेची जागा, बाईंना विचारा, त्या रोज इथे असतात.

निरीक्षकांनी ताईकडे पाहिलं. "इथे प्रार्थना होते?"

"होते," ताई म्हणाली. "रोज सकाळी. मी असते आणि हे टायरवाले असतात."

टायरवाल्याने दारातून मान हलवली. खजिनदारांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला मागून दिसलं. गोष्ट तिथेच संपली असती. पण निरीक्षकांनी जाता जाता, वहीत लिहिताना सहज विचारतात तसं विचारलं, "कधीपासून?"

ताईने किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या. माझ्या हातातली पहार थांबली. तिच्या पायाखालचं सगळं मला दिसत होतं, पगार, मागची खोली, ती न झालेली पुढची खोली. एक शब्द पुरला असता. 'पूर्वीपासून.' बस.

"गेल्या आठवड्यापासून," ती म्हणाली.

"त्याआधी?"

"त्याआधी टायर होते."

खजिनदारांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मेवाल्याचा चष्मा, त्यावर धुळीचा कण नसतो, तरी पुसत राहिले. ताईने वाकून चटईची कड उचलली. निरीक्षकांच्या बुटांना बाहेरचा चिखल होता आणि तो चटईवर उतरला होता, म्हणून तिने ती उचलली. मला अजून वाटतं की तिच्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. खालची काळी वळी सगळ्यांना दिसली.

"ही जात नाहीत," ती निरीक्षकांना म्हणाली. "सगळं करून बघितलं."

निरीक्षकांनी वहीत ते लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, भाडं कोण घेतं, किती. ताई म्हणाली, ते मला माहीत नाही. माझा पगार त्यातून होतो एवढं कळलंय.

निर्णय यायला वेळ लागला नाही. मोठं चर्च, घंटेची खोली, हॉल, ताईची खोली, सगळ्याला माफी कायम. रस्त्याकडच्या खोलीत भाडेकरू असेल तर पट्टी, मागची थकलेलीही. भाडेकरू नसेल आणि प्रार्थना होत असेल तर माफी. निवड चर्चची.

मंडळीची बैठक झाली. ताई दाराशी स्टूल घेऊन बसली, बैठकीनंतर कुलूप तिलाच लावायचं होतं. मी मंडळीतला आहे, रविवारचा, आणि तोही पाऊस नसेल तर. पण त्या दिवशी गेलो. काही जण म्हणाले, बाईंनी चर्चचं नुकसान केलं, त्यांना मोकळं करा. एक जण म्हणाला, सरकारने देवाच्या घरात बोट घालायचं काय कारण. पाळक म्हणाले, देवाच्या घरात टायर आपणच आणले. यावर बराच गलका झाला. मला बोलायचं होतं, माझी सगळी वाक्यं तयार होती, पाइपाचं वाक्यसुद्धा. पण उठलो तेव्हा दाराशी ताई दिसली, मांडीवर किल्ल्या घेऊन, आणि मी एवढंच म्हणालो की नाल्याचं तोंड दुरुस्त झालंय. लोक हसले. बसलो.

ज्यांना सगळ्यांत जास्त पोळलं होतं ते खजिनदारच शेवटी उभे राहिले. म्हणाले, बाईंना काढायचं असेल तर उद्या पहाटे साडेचारला कोण येणार ते नाव आत्ता सांगा. कुणी नाव सांगितलं नाही.

मग ठरलं ते असं. टायर परत आत, पट्टी भरायची, थकलेली हप्त्यांनी. भाड्यात जी खोट येईल ती ताईच्या पगारातून, कारण दुसरीकडे कापायला काही नव्हतंच. पगार जवळजवळ अर्ध्यावर आला.

मला राग आला. कुलूप लावून ती मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली तेव्हा मी तिला म्हणालो, आता तूही अर्धंच पूस. चर्च पूस, हॉल सोड. लग्नाच्या पार्ट्यांना हॉल देतात ना, त्यांनी झाडू आणावा.

"अर्धी पुसलेली फरशी असते का कुठे?" ती म्हणाली. "घाण तरी असते नाहीतर स्वच्छ तरी."

थोडं चालल्यावर ती म्हणाली, धाकट्या, तुझं एक बरोबर होतं. दुकानाचं पाणी दुकानाचं असतं. मी म्हटलं, आणि तुझंही एक बरोबर होतं. कुठलं ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बहीणभावांत एका संध्याकाळी एवढं पुष्कळ झालं.

तिने दुपारचं काम धरलं. एका दातांच्या दवाखान्याचे जिने आणि बाथरूम. पहाटे चर्च, दुपारी दवाखाना. तिचे गुडघे तेव्हापासून बोलायला लागले. खजिनदार बरेच महिने तिच्याशी कामापुरतंच बोलत. पुढे तिची नजर अधू झाली, बाकाच्या फटीतली धूळ दिसेना, तेव्हा ती त्यांच्याच दुकानात गेली. त्यांनी स्वतः नंबर काढला, चष्मा केला आणि पैसे पूर्ण घेतले. म्हणाले, बाई, सवलत नाही. ती म्हणाली, मागितली कुणी? त्यानंतर दोघं पुन्हा नीट बोलायला लागले.

टायरवाल्याने खोलीतला एक बाक परत दिला नाही. टायरांच्या दोन ढिगांमध्ये त्याला जागा केली. सकाळी फळ्या वाळेपर्यंत ताई तिथे बसायची, तो दार अर्धं उघडून बसायचा. मी त्याला म्हणायचो, अरे, एका बाकापुरती तरी माफी माग. तो म्हणायचा, नको काका, परत साहेब यायचे, परत ताईंना विचारायचे.

साठायला वेळ लागला, पण साठलं. चर्चच्या मागच्या गल्लीत एक खोली विकाऊ होती. दहा बाय बारा, एक खिडकी, मोरी, आणि रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार. गल्लीतला पाइप माझ्या हातचा, त्यामुळे तुंबण्याची काळजी नव्हती. ताईने किल्ल्यांचा जुडगा पाळकांच्या हातात दिला आणि एक किल्ली घेऊन राहायला आली.

तिच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा घरपट्टी आली. भरायला ती स्वतः गेली, शेवटच्या पगारातले पैसे घेऊन. मी सोबत होतो. खिडकीतल्या कारकुनाला तिने विचारलं, हे कशाकशाचे? तो म्हणाला, आजी, पाणी, गटार, दिवाबत्ती, सगळ्याचे. तिने पैसे दिले, बाहेर पायरीपर्यंत आली, आणि वळून पुन्हा खिडकीशी गेली.

"दिवाबत्तीचे घेतलेत ना," ती म्हणाली. "आमच्या गल्लीतला दिवा बंद आहे. मी आले तेव्हापासून."

कारकून म्हणाला, बघतो. ती म्हणाली, मी इथेच बसते, बघून घ्या. त्याने तिच्यासमोर फोन केला.

दिवा लागला. खांब नेमका तिच्या दारासमोर आहे, आणि पलीकडे चर्चचं मागचं दार. उजेड दोन्हीकडे पडतो. हल्ली पहाटे चर्च उघडायला एक नवी बाई येते, तिला कुलपाचं भोक त्याच उजेडात सापडतं. मी ताईला म्हटलं, बघ, पट्टी तुझी आणि उजेड चर्चला. त्यांच्याकडून अर्धे माग.

ती दारात बसून पाय चोळत होती. पहाटे साडेचारला अजून जाग येते, उशाखाली टोचायला काही नसलं तरी.

"टायरांचे ते भरतात," ती म्हणाली. "माझ्या दाराचे मी भरते."